जिभेखालची गोळी आणि नऊ प्रश्न

मी रोज सकाळी जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी ठेवते आणि मग शाळेत शिकवायला जाते. ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांच्या, व्यसनावर उपचार घेणाऱ्या बाईने हे असं उघड लिहू नये, असं घरातल्या काहींचं मत आहे. तरी लिहितेय. उपचार सुरू करण्याआधी मी जे जे वाचलं त्यात अंगदुखी, जुलाब, घाम, डोस, सगळं होतं. मनाचं काय होतं ते जाता जाता एखाद्या ओळीत उरकलेलं. आणि जिथे मानसोपचारतज्ज्ञ सोडाच, रोजचा डॉक्टरही नसतो, तिथे हे मनाचं दुखणं कोणी बघायचं, याबद्दल तर अवाक्षर नव्हतं.

सुरुवात मणक्यापासून झाली. शस्त्रक्रियेनंतरही दुखणं गेलं नाही म्हणून ट्रामाडॉल हे ओपिऑइड जातीचं वेदनाशामक मिळालं. गोळी घेतली की पाठ थांबायची, आणि पाठीबरोबर आणखीही काहीतरी थांबायचं. धाकटा झाल्यापासून माझ्या छातीत एक धडधड कायम असायची. कोणी दार वाजवलं, फोन वाजला, मुलं पाच मिनिटं उशिरा आली, की पोटात गोळा. ट्रामाडॉलने ती धडधड गप्प व्हायची. त्याला आजार म्हणतात आणि त्यावर वेगळे उपचार असतात हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. काही महिन्यांत गोळी पाठीसाठी कमी आणि त्या शांततेसाठी जास्त लागायला लागली. त्यानंतर तर ती नुसती त्रास उठू नये म्हणूनच लागायची.

ट्रामाडॉल एकाच वेळी दोन कामं करतं हे पुढे डॉक्टरांकडून कळलं. एकीकडे त्याचा, आणि यकृतात त्यापासून तयार होणाऱ्या पदार्थाचा तर जास्तच, मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे ही औषधं जिथे जाऊन चिकटतात त्या जागांवर, परिणाम होतो. दुसरीकडे ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं चेतापेशींत परत शोषली जाण्याला अटकाव करतं. नैराश्यावरची बरीच औषधं हेच दुसरं काम करतात. त्यामुळे ट्रामाडॉल तुटलं की दोन तऱ्हांचा त्रास एकदम उठतो. नाक गळणं, जुलाब, हाडं ठणकणं हे ओपिऑइडचं. आणि त्याच्या जोडीला अचानक उसळणारी घबराट, हातापायांना मुंग्या, कोणीतरी आपल्या मागावर आहे असा संशय, काहींना तर भासही. मला मुंग्या आणि घबराट दोन्ही व्हायचं. रात्री दोन वाजता उठून दाराची कडी तपासायची आणि परत येऊन पुन्हा तपासायला जायची.

मग शाळेच्या व्हरांड्यात मला फिट आली. ट्रामाडॉलचा डोस फार वाढला की फिट येऊ शकते. सगळ्यांनी फेफरं धरून त्यावरचे उपाय सुचवले. दूरच्या रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढून विचारलं, "दिवसाला किती गोळ्या घेता?" मी खरा आकडा सांगितला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी तो लिहून घेतला आणि म्हणाल्या, "यावर उपचार आहेत. नवऱ्याला आत बोलवू का, की आधी आपण दोघीच बोलू?" दोघीच बोललो.

सुरुवात

ब्युप्रेनॉर्फिन सुरू करताना एक अट असते: त्रास चांगला उठलेला असला पाहिजे. हे औषध रिसेप्टरला फार घट्ट धरतं, पण अर्धवटच जागं करतं. आधीचं ओपिऑइड अजून तिथे असताना ते घेतलं, तर ते आधीच्याला हुसकावतं आणि सगळा विड्रॉवल, म्हणजे औषध तुटल्यावर उठणारा त्रास, एका तासात अंगावर कोसळतो. म्हणून साधारणपणे शेवटच्या गोळीनंतर १२ ते २४ तास जाऊ द्यायचे, औषध जास्त वेळ टिकणारं असेल तर आणखी.

शहरातल्या माणसाला हे तास घरच्या बिछान्यात काढता येतात. आम्ही राहतो तिथून उपचार केंद्र बसने अर्ध्या दिवसावर. म्हणजे ज्या वेळी जुलाब सुरू होतात, डोळ्यांना धार लागते, अंगावर काटा येतो, नेमक्या त्याच वेळी वळणावळणाच्या रस्त्यावर बसमध्ये बसायचं. आम्ही आदल्या संध्याकाळीच निघालो आणि रात्र केंद्राच्या आवारात नातेवाइकांसाठी असलेल्या शेडमध्ये काढली. नवऱ्याने माझे पाय रात्रभर चेपले. ते तसे कमी बोलतात. त्या रात्री त्यांनी एकदाच विचारलं, "हे असं रोज होत होतं का गं?"

सकाळी सिस्टरनी एक कागद भरला. विड्रॉवल किती आहे ते मोजायची अकरा लक्षणांची यादी असते: नाडी, घाम, चुळबुळ, बाहुल्यांचा आकार, हाडं-सांधे, नाक-डोळे, पोट, हातांची थरथर, जांभया, चिंता किंवा चिडचिड, अंगावरचा काटा. अकरापैकी मनाचं म्हणावं असं एकच. त्या सकाळी मला त्याची फिकीर नव्हती, मला फक्त गोळी हवी होती. पण पुढे ती यादी पुष्कळदा आठवली. विड्रॉवल मोजायला ती उत्तम आहे. अडचण अशी की आमच्या केंद्रात बराच काळ तेवढंच मोजलं जायचं.

तोंड ओलं करून गोळी जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही, चघळायची नाही, बोलायचं नाही. पाच-दहा मिनिटं लागतात विरघळायला. कडू लागते. तासाभरात माझ्या हाडांतला ठणका उतरला. दुपारी मी नवऱ्याला म्हटलं, "मला भूक लागलीय." त्यांनी डोळे पुसले.

डोस बसेपर्यंत पहिले काही दिवस तिथेच राहिले, नंतर सतत जा-ये. केंद्रात सिस्टरच्या समोर गोळी घ्यायची. भिंतीलगत बाक, त्यावर आम्ही ओळीने बसायचो. बहुतेक पुरुष, एखाद-दुसरी बाई. वेगवेगळ्या दिशांनी, कोणी दूध पोचवणाऱ्या गाडीतून, कोणी चालत आलेलं. माझं दुखणं ज्यांना न सांगता कळलं असतं अशी माणसं सगळ्या पंचक्रोशीत तेवढीच. आणि ज्या दहा मिनिटांत आम्ही शेजारी शेजारी असायचो, त्याच दहा मिनिटांत तोंड उघडायची सोय नसायची. गोळी विरघळली की तोंड दाखवायचं, सही करायची आणि बस पकडायला पळायचं. परतीची बस चुकली तर मुक्कामाची पंचाईत. पुष्कळ दिवस मी ज्या माणसाच्या शेजारी बसायचे त्याचा आवाज कसा आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

सगळे खूश असताना

सगळ्यात वाईट काळ त्यानंतरचा, आणि तो बाहेरून सगळ्यात चांगला दिसणारा होता. त्रास उठत नव्हता. फिट नव्हती. डोस ठरला होता, लघवीच्या तपासणीत ट्रामाडॉल सापडत नव्हतं. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे सलग टिकमार्क. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून आता बरी झाली."

मी निबंधाच्या वह्या तपासायला घ्यायची. एका मुलीने आजीवर लिहिलं होतं. मला तिचं ऱ्हस्व-दीर्घ दिसत होतं, कुठे लाल खूण करायची तेही कळत होतं, पण पेन धरलेला हात कागदापर्यंत जात नव्हता. कंटाळा नव्हता, दुःखही नव्हतं. ती वही आणि मी यांच्यात जे काही असायला हवं तेच नव्हतं. मी तिचं शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि वही मिटून गठ्ठ्याखाली सरकवली. असा तो गठ्ठा शाळेतून घरी आणि घरून शाळेत नुसता फिरत राहिला.

झोप पहाटे तीनला तुटायची. मुलांच्या हसण्याचा आवाज आला की डोकं दुखायचं. आंघोळ हे डोंगराएवढं काम वाटायचं. बसमध्ये शाळेतल्या पालकांपैकी कोणी दिसलं की मी खिडकीकडे तोंड करायची. लहान जागी सगळ्यांना ठाऊक असतं की सकाळच्या त्या बसने त्या थांब्यावर कोण कशासाठी उतरतं. कंडक्टर माझं तिकीट न विचारता फाडायचा. तो भला माणूस होता, त्याने कधी एका शब्दाने दुखावलं नाही. पण न विचारता फाडलेलं ते तिकीट मला दर वेळी टोचायचं.

घरातलं बोलणं वेगळंच. "आता तर त्या गोळ्या सुटल्या, मग तोंड पाडून का बसतेस?" सासूबाईंना खरंच कळत नव्हतं, त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती. दीर मात्र म्हणाले, "एक सोडलं नि दुसरं धरलं, एवढंच." हे वाक्य उपचारावर असलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं, आणि मन पडलेलं असताना ते सरळ आत जातं. त्याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही, म्हणून इथे देते. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मानसोपचारतज्ज्ञ मारी निस्वांडर यांनी हेरॉइन घेणाऱ्या २२ रुग्णांना मेथाडोनवर, म्हणजे याच उपचारातल्या दुसऱ्या एका औषधावर, स्थिर ठेवल्याचा वृत्तांत छापला. तेव्हापासून जमा झालेला पुरावा एकाच दिशेचा आहे: असं औषध चालू असताना माणसं जगतात, संसार करतात, कामाला जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आवश्यक औषधांच्या यादीत घातली. व्यसनात माणूस दिवसभर पुढच्या डोसामागे धावतो. मी सकाळी दहा मिनिटं देते आणि उरलेला दिवस माझा असतो. याला दुसरं व्यसन म्हणणं मला मान्य नाही.

मग मन का पडलं? मेंदूशास्त्रज्ञ जॉर्ज कूब यांची मांडणी अशी की ओपिऑइडचा वापर दीर्घ काळ चालला की मेंदूतली आनंदाची यंत्रणा मंदावते आणि ताणाची यंत्रणा चढलेली राहते. बाहेरून पदार्थ बंद झाला तरी ती लगेच पूर्वपदावर येत नाही. माझ्या बाबतीत त्यावर ट्रामाडॉलच्या त्या दुसऱ्या कामाची भर होती. आणि या सगळ्याच्या आधीपासूनची माझी धडधड होतीच. तिला इतकी वर्षं गोळीने झाकलं होतं, आता झाकण निघालं होतं.

याच काळात मला उपचार सोडून द्यावेसे वाटायला लागले. गोळ्यांची ओढ म्हणावी तशी नव्हती. एवढा प्रवास करून काय साधलं, हाच विचार. त्यात नैराश्य आलेल्या माणसाला बस पकडणं जमत नाही. घरी उशिरापर्यंत पडून राहिलात, बस गेली, डोस चुकला, की रजिस्टरमध्ये त्याची नोंद ‘गैरहजर’ होते. त्यामागे काय आहे ते रजिस्टरला कळत नाही. माझ्या शेजारी बसणारा तो न बोलणारा मुलगा असाच आधी एक दिवस, मग दोन दिवस येईनासा झाला. घरच्यांना वाटलं, आता बराय, गरज नाही. त्याच्या जाण्याची बातमी मला परतीच्या बसमध्ये कळली. जुनं प्रमाण घेतलं होतं त्याने, आणि शरीराची सवय केव्हाच उतरली होती. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१७ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात हा धोका आकड्यांत मांडलेला आहे. मेथाडोन घेणाऱ्यांत दर १००० माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू, उपचार सुटल्यावर ३६. ब्युप्रेनॉर्फिनवर असताना सुमारे ४, सुटल्यावर ९ ते १०. आणि उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे सगळ्यात घातक. म्हणून कोणी यायचं थांबलं की "पुन्हा लागला असेल नादी" म्हणून सोडून देऊ नये. त्याच्या घरी जाऊन आधी मनाची विचारपूस करावी.

नऊ प्रश्न

माझी विचारपूस केली ती केंद्रात नव्याने आलेल्या एका सिस्टरनी. मी गोळी विरघळायची वाट बघत बसले होते. त्या शेजारी येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, "ताई, बोलू नका, नुसती मान हलवा. आज झोप लागली होती का?" मी मान हलवली, नाही. "काल?" नाही. गोळी संपल्यावर त्यांनी मला औषधांच्या खोलीत नेलं आणि एक कागद काढला.

तो पीएचक्यू-९. नैराश्य ओळखण्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली नऊ प्रश्नांची यादी, जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस न वाटणं, उदास वाटणं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंद होणं किंवा बेचैनी, आणि शेवटचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट बघावं लागतं. माझे १७ आले.

नववा प्रश्न त्यांनी घाई न करता, माझ्याकडे बघत विचारला. मी म्हटलं, "मरायचं असं नाही. पण सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतं." हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. त्या घाबरल्या नाहीत, "असं बोलू नये" म्हणाल्या नाहीत, मुलांचा विचार करा असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पुढचं विचारलं. कसं करायचं असं काही डोक्यात आलंय का? घरात जुन्या गोळ्या शिल्लक आहेत का? शिल्लक होत्या, कपाटात साड्यांच्या घडीत. त्या नवऱ्याने ताब्यात घेऊन पुढच्या फेरीला केंद्रात जमा करायच्या, असं माझ्यासमोरच फोनवर ठरलं.

मग आम्ही एक कागद लिहिला. मन खाली जायला लागलंय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी स्वतः काय करू शकते, कोणाकडे नुसतं जाऊन बसू शकते, कोणाला मदत मागायची, कोणत्या नंबरवर. असे कागद ठिकठिकाणी भरून घेतात. पण नंबर लिहून झाल्यावर सिस्टरनी पेन थांबवलं. "घरात फोन लागतो का?" नाही लागत. पाण्याच्या टाकीपाशी गेलं तर लागतो. "रात्री टाकीपाशी एकट्या जाल?" नाही. त्यांनी तो नंबर खोडला नाही, त्याच्या वर नवीन ओळ घातली: रात्री असं वाटलं तर आधी जाऊबाईंना उठवायचं, आणि दोघींनी मिळून टाकीपाशी जायचं. म्हणजे जाऊबाईंना सांगणं आलं. ते सांगायला मला फोनपेक्षा जास्त धीर लागला. त्या ऐकून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. कधीही उठव." तो कागद मी पुढे दोनदा-तीनदा वापरला. शहरात बसून केलेला कागद असता तर त्यावर हेल्पलाइनचा नंबर असता आणि माझ्या घरात रेंज नसती.

सिस्टर काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. त्यांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरू केलेल्या कार्यक्रमाचा आणि २०१० च्या त्याच्या मार्गदर्शिकेचा गाभाच हा आहे की नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा धोका हे ओळखणं आणि पहिले उपचार करणं हे साध्या दवाखान्यातले डॉक्टर, नर्स यांनाही शिकवता येतं. दुर्गम भागासाठी मला याहून मोलाची गोष्ट माहीत नाही. आमच्याकडे तज्ज्ञ येणार, येणार, म्हणून वाट बघत बसलो असतो तर ती वही गठ्ठ्याखालीच राहिली असती, आणि माझं काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

पडद्यावरच्या डॉक्टर

तज्ज्ञ भेटल्या त्या व्हिडिओवर. केंद्रातल्याच एका खोलीत, सिस्टर शेजारी. मला वाटलं होतं पडद्याशी काय बोलणार. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कोणीच विचारला नव्हता: "ट्रामाडॉलच्या आधी कशा होतात?" धाकट्याच्या जन्मानंतरची धडधड, रडू, कडी तपासणं, सगळं निघालं.

हा प्रश्न का महत्त्वाचा ते त्यांनी समजावलं. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं मन आपोआप सावरतं, म्हणून लगेच नैराश्याचं औषध देण्याची घाई करत नाहीत. पण आठवडे उलटूनही ते उतरत नसेल, किंवा व्यसनाआधीपासूनच असा त्रास असेल, तर तो वेगळा आजार धरून त्यावर उपचार करावे लागतात. माझ्या बाबतीत दोन्ही खरं होतं. सेर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू करण्याआधी त्यांनी तीन-तीनदा खात्री केली की ट्रामाडॉल पूर्ण बंद आहे. ही दोन एकत्र आली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं आणि फिटचा धोकाही वाढतो.

झोपेसाठी मला पूर्वी कोणीतरी अल्प्राझोलाम दिलं होतं, तेही मी अधूनमधून घेत होते. ओपिऑइड आणि या जातीची औषधं मिळून श्वास दाबला जाऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. पण डॉक्टरांनी ते एका झटक्यात बंद केलं नाही, आणि त्यापायी ब्युप्रेनॉर्फिनही थांबवलं नाही. हळूहळू उतरवत नेलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण कोणी घाबरून झोपेची गोळी एकदम फेकून देऊ नये. त्यानेही फिट येते.

सेर्ट्रालिनचे पहिले दहा-बारा दिवस कठीण गेले. मळमळ, आणि आधीच असलेली धडधड आणखी वाढलेली. हे होणार असं आधी सांगितलं होतं म्हणून टिकले. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात केव्हातरी फरक पडला. मोठं काही झालं नाही. मी डबा भरताना मुलाशी भांडले, आणि भांडताना माझ्या लक्षात आलं की मला राग येतोय, म्हणजे काहीतरी वाटतंय.

औषधाच्या जोडीला समुपदेशन होतं, तेही फोनवर. टाकीपाशी. पण टाकीपाशी कोणी ना कोणी पाण्याला येतंच. समुपदेशक ताईंनी यावर तोड काढली: कोणी जवळ आलं की मी "बरं, बरं" म्हणायचं, मग त्या फक्त हो-नाही उत्तरं देता येतील असे प्रश्न विचारायच्या. "रात्रीचे विचार आले?" नाही. "ठरवलेलं काम केलं?" हो. बाजूच्या बाईला वाटायचं शाळेचा फोन आहे. ठरवलेलं काम म्हणजे बरं वाटण्याची वाट न बघता, बरं वाटत नसतानाच करायची छोटी गोष्ट. माझ्या यादीत पहिलं होतं: रोज एक वही. गठ्ठा नाही, एक वही. आजीचा निबंध मी त्या आठवड्यात तपासला. मुलीने विचारलं, "बाई, एवढे दिवस का लागले?" मी म्हटलं, "आजारी होते." तिने मान डोलावली आणि पळाली.

गोळ्यांची मोजणी

एक गोष्ट मात्र ना औषधाने गेली ना बोलण्याने. रात्री झोपण्याआधी मी ब्युप्रेनॉर्फिनच्या शिल्लक गोळ्या मोजायची. घरी न्यायला थोड्याच दिवसांच्या मिळायच्या. पावसात दरड कोसळली, पूल गेला, बस बंद झाली तर? एकदा झालीच. रस्ता उघडेपर्यंत एक दिवस गोळीविना गेला. ब्युप्रेनॉर्फिन शरीरात बराच काळ टिकतं, त्याचं अर्धं प्रमाण उतरायलाच २४ ते ४२ तास लागतात, त्यामुळे अंगाला फारसं काही झालं नाही. पण मनाने त्या एका दिवसात सगळा जुना विड्रॉवल भोगला.

मी हे सिस्टरना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना. माझी प्रकृती स्थिर होती, तपासण्या स्वच्छ होत्या. पावसाळ्यापुरता साठा वाढवून मिळाला, कुलूपबंद डब्यात ठेवायच्या अटीवर. खरं सांगते, माझी चिंता जेवढी त्या निर्णयाने उतरली तेवढी दुसऱ्या कशानेच उतरली नाही. मानसिक आरोग्य म्हटलं की लोक समुपदेशन म्हणतात. दूर राहणाऱ्या रुग्णासाठी किती दिवसांच्या गोळ्या हातात मिळतात, बसचं वेळापत्रक आणि केंद्राची वेळ जुळते का, एक फेरी चुकली तर नाव कापतात की फोन करतात, हेही मानसिक आरोग्यच आहे. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्याला ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा साध्या फॅमिली डॉक्टरांना दिली, आणि १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिडोसाने होणारे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. जवळच्या जवळ औषध मिळणं म्हणजे काय, ते वळणावळणाच्या बसमध्ये रात्र-रात्र काढलेल्या माणसाला विचारा.

आता केंद्रात दर महिन्याला सगळ्यांचेच नऊ प्रश्न विचारतात, डोसाच्या वेळीच, वेगळं बोलावून नाही. त्यामुळे कोण ‘मनाचा पेशंट’ हे बाकावरच्या इतरांना कळत नाही. गोळी विरघळल्यावर अर्धा तास बसता यावं म्हणून परतीच्या बसशी वेळ जुळवून घेतली आहे, आणि त्या अर्ध्या तासात आम्ही बोलतो. नवी आलेली बाई बहुधा दोनच गोष्टी विचारते: ही गोळी किती दिवस, आणि घरी काय सांगायचं. पहिल्याचं उत्तर मी डॉक्टरांवर सोडते. दुसऱ्यासाठी मी तिला विचारते, घरात रात्री उठवता येईल असं कोण आहे? तिथून सुरुवात करा.

माझे गुण आता चार-पाचच्या आसपास असतात. वाईट संध्याकाळ अजून येते, पाठ अजून दुखते, पाठीसाठी व्यायाम आणि ओपिऑइड नसलेली औषधं चालू आहेत. नैराश्याचं औषध बरं वाटायला लागल्यावरही नऊ ते बारा महिने चालू ठेवायचं असतं, तो काळ आता संपत आलाय. सेर्ट्रालिन कमी करायचं का ते पुढच्या भेटीत ठरेल; ब्युप्रेनॉर्फिनला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं डॉक्टर म्हणाल्या. आणि जो काही बदल करायचा तो रस्ते उघडे असताना, पावसाळ्यात नाही, ही अट मी घातली. ती त्यांनी कागदावर लिहून घेतली आहे.